खाडीवर आणखी एक फिल्म नको

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, ठाणे महानगरपालिका
आणि
मा. शिक्षणाधिकारी, नवी मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

ठाण्याच्या खाडीवर शाळेतल्या मुलांसाठी माहितीपट काढावा, ही कल्पना दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतेच. २०१५ मध्ये खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचं नाव आलं, आणि तेव्हापासून तर या कल्पनेला उधाणच आहे. मी माहितीपटांचं संकलन, म्हणजे एडिटिंग करते, खारीगावात राहते. असं काम निघालंच तर ते ज्या चार-पाच टेबलांवर येऊ शकतं, त्यांतलं एक माझं. तरीही स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगते, ती फिल्म काढू नका. तेवढ्याच पैशांत मुलांना थांबवता येईल, मागेपुढे नेता येईल, ज्यात निर्णय घेता येईल आणि चुकताही येईल, असा संवादी माहितीपट करा. आणि दोन्ही महापालिकांनी मिळून एकच करा, कारण खाडी एकच आहे.

पलीकडचा मुलुंड-भांडुपचा काठ मुंबई महापालिकेकडे येतो, याची मला कल्पना आहे. पण तिघांची बैठक लागेपर्यंत आज चौथीत असलेली मुलं दहावीला बसतील. सुरुवात दोघांनीच करावी.

नेहमीची फिल्म कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण तशा फिल्म मी कापल्या आहेत. पहिला शॉट ड्रोनचा. गुलाबी ठिपके उडतात, बासरी वाजते, आणि एक खर्जातला आवाज ‘निसर्गाने भरभरून दिलेलं हे वैभव’ अशी सुरुवात करतो. मग तिवरं, मग एक तज्ज्ञ, मग होडीतून जाळं फेकणारा एक कोळीबांधव, त्याला नाव नाही आणि बोलायला वाक्यही नाही. मग प्लास्टिक, मग उदास संगीत. शेवटी शाळेतली मुलं हात वर करून शपथ घेतात. वीस मिनिटं. ज्यांच्यासाठी हे केलं ती मुलं पाचव्या मिनिटाला एकमेकांच्या दप्तराचे पट्टे ओढू लागतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना काही कामच दिलेलं नसतं.

आपल्याकडे माहितीपटाच्या प्रेक्षकाला काम न देण्याची परंपरा जुनी आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं सिनेमाच्या आधी समाचारचित्र दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं; लोक तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन येत. पुण्यातली बालचित्रवाणी १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करत होती. त्यांतले काही फार सुंदर होते, आणि ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली याची हळहळ मला आजही वाटते. पण दूरदर्शनवरून तो कार्यक्रम लागायचा तेव्हा वर्गाने गप्प बसायचं, हाच नियम होता. आता बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो, दीक्षा ॲपमधून तो उघडतो, आणि बहुतेक वेळा समोर येतो तो पुन्हा एक व्हिडिओच.

मध्यंतरी कळव्याच्या बाजूला एका शाळेत आमची अशीच एक खाडीवरची फिल्म दाखवायची होती. शाळेचं नाव सांगत नाही, कारण त्यात शाळेचा काही संबंध नाही. वर्गातल्या मोठ्या स्क्रीनने आमची फाइल उघडायला साफ नकार दिला. तास फुकट जाऊ नये म्हणून मी लॅपटॉप जोडला. त्यात तयार फिल्म नव्हती, संकलनाचा अख्खा प्रकल्प होता, सगळं कच्चं चित्रीकरण त्यात पडलेलं. मी म्हटलं, सांगा, कुठून बघायचं?

पहिल्यांदा सगळ्यांना होडीचं इंजिन सुरू होताना बघायचं होतं. दोनदा बघितलं. मग डोल, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, वर ओढून नावेत रिकामी करतात तो शॉट लागला. जवळा, थोडी कोळंबी, एक बोय, चिंबोरीचं एक पिल्लू, आणि त्यांच्यात गुंतलेली दुधाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या आणि लहान मुलाची एक निळी चप्पल. ‘थांबवा!’ असं तीन बाकांवरून एकदम आलं. चप्पल कुठून आली यावर वाद झाला. एकाचं म्हणणं नाल्यातून, दुसऱ्याचं भरतीबरोबर मुंबईहून. मी फ्रेम तशीच धरून ठेवली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं की होडीत मागे बसलेले काका बोटांवर काय मोजतायत.

ते तिथी मोजत होते. खाडीकाठच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. खाडीत आत, कळव्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ. घड्याळाइतका काटेकोर नाही हा हिशेब, पण होडी कधी काढायची हे ठरवायला पुरतो. फिल्ममध्ये हा शॉट नव्हता. मीच काढला होता आणि पुन्हा काढेन, कारण चालत्या फिल्ममध्ये गणित टिकत नाही. आवाज पुढे निघून जातो आणि मूल मागे राहतं. इथे मात्र कुणीतरी बाईंच्या टेबलावरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली, फळ्यावर पाऊणपट झाली, भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळ्यांनी माना वळवल्या आणि आत्ता या क्षणी पुलाखाली पाणी चढतंय की उतरतंय यावर वर्गाचं एकमत झालं. शाळा सुटल्यावर पुलावर जाऊन बघायचं, असंही ठरलं. आईला विचारून, असं बाईंनी लगेच जोडलं.

नेहमीची फिल्म ही फास्ट लोकल असते, कळव्याला थांबत नाही. ज्याला कळव्यालाच उतरायचं आहे, त्याने काय करावं?

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वीज कशी चमकते हे समजावणारं जेमतेम अडीच मिनिटांचं ॲनिमेशन त्यांनी १६ तुकड्यांत कापलं आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जाण्याचं बटण बघणाऱ्याच्या हाती दिलं. माहिती तीच, निवेदन तेच. ज्यांनी स्वतःच्या गतीने पाहिलं, त्यांनी शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून दाखवण्यात, सलग पाहणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. नुसतं थांबता येणं एवढं उपयोगाचं. त्यात निर्णय आले, की शिकण्याबरोबर जबाबदारीही येते.

संवादी माहितीपट हा प्रकार काही कालपरवाचा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी १९७८ च्या सुमारास कोलोराडोतल्या अस्पेन गावाचा एक ‘मूव्ही मॅप’ केला होता. गाडीवर कॅमेरे बसवून दर दहा फुटांवर चित्र घेत त्यांनी रस्ते पालथे घातले, सगळं लेझरडिस्कवर भरलं, आणि बघणारा पडद्याला बोट लावून हव्या त्या गल्लीत वळू शकत असे. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ऋतू बदलायची सोय. त्याच कोपऱ्यावर उभं राहून पानगळ पाहायची, की बर्फ, हे बघणाऱ्याने ठरवायचं. आता कल्पना करा, ऐरोलीच्या काठावर उभं राहून एका बोटाने भरती आणि ओहोटी बदलता आली तर? आमच्याकडे बर्फ नाही, पण दिवसातून दोनदा अख्खा भूगोल बदलतो, आणि नकाशात मात्र खाडी कायम एकाच निळ्या रंगात भरलेली असते.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने या क्षेत्रात सगळ्यांत चिकाटीने काम केलं आहे. ती सरकारी पैशांवर चालणारी संस्था आहे, हे आपणांस मुद्दाम सांगते. कॅटरिना सिझेक यांचा ‘आउट माय विंडो’ २०१० साली आला. उंच इमारतींत राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी, १३ शहरांतल्या, त्यांत एक आपलं बंगळूरूही. आपण कुणाच्या तरी घरात शिरतो, मान वळवतो तसं चित्र वळतं, खिडकीला, भांड्याला, फोटोला हात लावला की त्या वस्तूची गोष्ट उलगडते. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या कुणालाही हे बघताना आपलीच सोसायटी आठवेल. दुसरं उदाहरण ‘वेलकम टू पाइन पॉइंट’, २०११ मधलं. खाण बंद पडल्यावर अख्खं गाव उठलं, घरंसुद्धा राहिली नाहीत. त्या गावाची आठवण तिथल्याच लोकांनी जपलेल्या फोटोंतून, जुन्या व्हिडिओंतून बांधलेली आहे. हे पाहताना मला उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली आठवल्याशिवाय राहत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं हलली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदी वळवली गेली. त्या घरांतले लग्नाचे अल्बम अजून लोकांच्या कपाटांत आहेत. ते गोळा करण्याचं काम मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाही. हे आपल्या हद्दीबाहेरचं आहे, त्यामुळे एवढंच.

तिसरं उदाहरण मांडणीसाठी. फ्रेंच-जर्मन वाहिनी आर्तेने २००८ मध्ये ‘गाझा स्देरोत’ केलं. पडद्याच्या मधोमध एक रेघ, एका बाजूला गाझातली माणसं, दुसऱ्या बाजूला काही किलोमीटरवरच्या इस्रायली गावातली. रोज दोन्हीकडचा एकेक छोटा व्हिडिओ यायचा. तारीख, चेहरा, विषय, नकाशा, कुठूनही आत शिरा. एका बाजूचं बघताना दुसरी बाजू डोळ्यांच्या कोपऱ्यात राहतेच. ठाणे आणि ऐरोली यांच्यात सुदैवाने तंटा नाही, फक्त विटाव्याच्या रेल्वेपुलाखालची कोंडी आहे. पण खाडीच्या बाबतीत दोन्ही काठांवरची मुलं एकमेकांना कधी भेटत नाहीत, हे खरंच. ठाण्याच्या मुलाला खाडी म्हणजे पुलावरून येणारा वास, नेरूळच्या मुलाला खाडी म्हणजे फ्लेमिंगोबरोबरचा सेल्फी.

आता आपल्या खाडीचं काय करता येईल ते सांगते. मुलाने सगळ्यांत आधी निवडायची ती जागा नाही, माणूसही नाही. तिथी निवडायची. त्या दिवसाचं पाणी त्यानुसार चढेल-उतरेल, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून राहील. ओहोटी असेल तर ऐरोलीसमोरचा चिखल उघडा पडलेला असेल, त्यावर फ्लेमिंगो चोच उलटी घालून चरत असतील. सफरीची बोट मात्र सुटणार नाही, कारण तिला पाणी लागतं. मुलगा हिरमुसेल. बरं होईल. भरती लावली की बोट निघेल, पण चिखल बुडेल आणि पक्षी उठतील. कुठे जातील? इथे वर्गाने उत्तर शोधायचं. ते नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर जातात, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे, डीपीएस तलावावर, आणि पाणी उतरेपर्यंत तिथे उथळ पाण्यात उभे राहतात. ही एक गोष्ट मुलाला स्वतःहून सापडली, की या तलावांवरून एवढी भांडणं का होतात ते वेगळं समजवावं लागणार नाही.

मग मुलाच्या हातात तलावाच्या तोंडाचा बांध द्या. उघडा ठेवायचा की बंद? बंद करण्याच्या बाजूनेही माणसं बोलू देत: पाणी साचतं, डास होतात, मोकळी जमीन पडून राहते, शहराला जागा हवी. ही कारणं खोटी नाहीत आणि ती मांडणाऱ्यांना खलनायक बनवू नका. मुलांनी बंद करायचं ठरवलं तर बंद होऊ द्या. काही महिन्यांनी तलावाचा रंग बदलेल, पाणी आटेल, आणि भरतीच्या वेळी उठलेले पक्षी आकाशात घिरट्या घालून दुसरीकडे जातील. २०२४ मध्ये डीपीएस तलावात पक्षी मेले तेव्हा भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्याचीच ओरड झाली होती. वर्तमानपत्रांतल्या त्या बातम्या पडद्यावर त्या क्षणी यायला हव्यात, आधी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. त्यांच्या प्रवासाचे नकाशे त्या संस्थेकडून मिळाले, तर पक्षी गुजरातपर्यंत जातो आणि परत येतो हेही मुलांना एका पक्ष्याच्या मागे लागून बघता येईल.

कॅनडातच २०१३ मध्ये ‘फोर्ट मॅकमनी’ नावाचा माहितीपट असा केला होता की तेलाच्या खाणींवर जगणाऱ्या एका खऱ्या शहराचं पुढे काय करायचं यावर बघणारे वाद घालत आणि मतदान करत. तिथे प्रेक्षक इंटरनेटवर विखुरलेले होते. आपल्याकडे ते एका खोलीत, चाळीस-पन्नास जण, एकाच पडद्यासमोर बसलेले असतात. आपल्या अधिकाऱ्यांना ही अडचण वाटते, ‘प्रत्येकाला टॅब कुठून देणार?’ म्हणून फाइल थांबते. मला ती सोय वाटते. टॅब नकोच. हात वर करून मत घ्या, हरलेल्या गटाने आपली बाजू मांडावी, मग बटण दाबा. तमाशातले सवाल-जवाब आणि सोंगाड्याचं समोरच्याला ओढून घेणं पाहत वाढलेल्या समाजाला हे नवं शिकवायला नको. शिवाय ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, त्या घरातलं मूल यातून बाहेर पडत नाही.

एक इशारा. बटणं दिली म्हणजे संवाद झाला, असं नाही. कासवावर क्लिक करा, कासव हलेल. तिवरावर क्लिक करा, तिवराचं शास्त्रीय नाव येईल. याला मी सजावट म्हणते आणि यापेक्षा साधी फिल्म बरी. निवडीने पुढचं काही बदलत नसेल तर निवड देऊ नका. उलट टोकाचंही तितकंच वाईट: ज्या मुलाला खाडीबद्दल काहीच माहीत नाही, त्याला एकदम तीस दारं उघडून दिली तर ते पहिल्या दारात शिरून तिथेच कंटाळतं. सुरुवातीला दोनच वाटा, पुढे चार. आणि मध्ये मध्ये अशी एखादी जागा, जिथे फक्त बघायचं, काही दाबायचं नाही. खेकडा बिळातून बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ कॅमेऱ्यानेही थांबावं. संकलक म्हणून हे लिहिताना माझा हात आखडतो, पण ते खरं आहे.

शिक्षकांबद्दलही. त्यांच्यावर मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंत काय काय आहे, हे मी सांगायची गरज नाही. त्यामुळे तीन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर लावू नका. एका तासिकेत संपेल असा एक प्रवास, आणि पाठपोट एक कागद, एवढंच द्या. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना ट्वाइन किंवा एचफाइव्हपी यांसारखी मोफत साधनं दाखवा. ट्वाइनमध्ये फाटे फुटणारी गोष्ट लिहायला प्रोग्रामिंग लागत नाही. सातवीतली मुलंही त्यात आपल्या गावठाणाची गोष्ट बांधू शकतील, आणि माझा अंदाज आहे, आपण पैसे देऊन केलेल्या माहितीपटापेक्षा ती अधिक पाहिली जाईल.

गावठाणावरून आठवलं. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या लोकांना आजवरच्या चित्रीकरणांत पार्श्वभूमीला उभं केलं गेलं आहे. या कामात ते माहितगार म्हणून हवेत, आणि मानधन घेऊन हवेत. त्यांची बोली प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नका. आगरी-कोळी बोलणं तसंच राहू द्या, खाली अक्षरं द्या. ठाण्यातल्या बंद गृहसंकुलांतल्या मुलांना सुरुवातीला ते कळणार नाही, आणि दोनदा ऐकल्यावर कळेल. निवटी कशी धरतात, खाजणात पाय कसा टाकायचा, उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर येतं, पूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता काय येत नाही, हे ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडूनच घ्यायला हवं. आणि माहितीपटात एक भाग मुद्दाम रिकामा ठेवा, जिथे शाळांना आपल्या भागातले फोटो, आजोबांच्या आवाजातल्या आठवणी, यंदाच्या भरतीच्या नोंदी भरता येतील. मात्र मुलांची नावं, चेहरे, फोन नंबर त्यात गोळा करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि ती कागदपत्रं सांभाळणं शाळेच्या आवाक्यातलं नाही. नोंद वर्गाच्या नावाने व्हावी, ‘सातवी ब, अमुक शाळा’, बस्स.

आता निविदा. खरी गोम इथे आहे. अशा कामाच्या निविदेत काय लिहिलेलं असतं ते मी बघितलं आहे: कालावधी २० मिनिटं, ४के, ड्रोन अनिवार्य, निवेदन व्यावसायिक आवाजात, पेनड्राइव्हच्या इतक्या प्रती. लोकार्पणाचा कार्यक्रम झाला की विषय संपला. संवादी कामाला ही भाषा चालत नाही. २०१० च्या आसपासची अशी कितीतरी जगप्रसिद्ध कामं फ्लॅशवर बांधलेली होती; ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि त्यांतली बरीचशी ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. नॅशनल फिल्म बोर्डने आपल्या ‘बेअर ७१’ची, म्हणजे बॅन्फच्या जंगलातल्या कॉलर लावलेल्या अस्वलाच्या गोष्टीची, २०१७ मध्ये नव्याने बांधणी केली. ज्यांच्यामागे अशी संस्था नव्हती, ती कामं गेली. आपल्याकडच्या शाळांच्या कपाटांत शैक्षणिक सीड्या पडलेल्या आहेत आणि त्या चालवणारा संगणक नाही, हे वेगळं काय आहे?

म्हणून निविदेत मिनिटं लिहू नका. साध्या वेब पानांवर चालणारं काम मागा, कुठल्याही एका कंपनीच्या ॲपवर अडकलेलं नको. नेट नसताना वर्गातल्या संगणकावर चालेल अशी प्रत मागा. सगळं कच्चं चित्रीकरण आणि मूळ फाइली महापालिकेच्या मालकीच्या राहतील, हे करारात घाला. आज ठेकेदार बदलला की मागचं सगळं हरवतं. निम्मे पैसे लोकार्पणानंतरच्या तीन वर्षांसाठी राखून ठेवा: बिघाड दुरुस्त करणं, नव्या नोंदी घालणं, तलावाचं काही बरंवाईट झालं तर तो प्रसंग बदलणं. आणि काम पूर्ण व्हायच्या आत, कागदी चित्रं भिंतीवर लावून का होईना, दोन वर्गांत ते खेळवून बघायची अट घाला. एक ठाण्याचा, एक नवी मुंबईचा. मुलं कुठे अडकतात ते तिथेच कळेल, आणि ते कळायला ड्रोन लागत नाही.

यश कशाने मोजायचं, हा प्रश्न आपल्या आढावा बैठकीत येणारच. व्ह्यूज मोजू नका. शाळांना सक्तीने लिंक पाठवली की व्ह्यूज लाखांत जातात. मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. तासिका संपल्यावर वर्गाला कोऱ्या कागदावर खाडीचा नकाशा काढायला सांगा, आणि महिन्याने पुन्हा. पहिल्या नकाशात खाडी एक निळी पट्टी असेल. दुसऱ्यात बांध, चिखल, होडी, नाल्याचं तोंड, पाण्याची दिशा किती मुलांच्या कागदावर आली, एवढं पाहिलं तरी पुरे.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत खाडीत असतात, म्हणजे चित्रीकरणाला एक हंगाम पुरतो. पण पावसाळ्याचं उधाणही हवं, तेव्हा कामाचा आदेश मार्चअखेरच्या घाईत न काढता वर्षाच्या सुरुवातीला निघावा. दोन्ही विभागांनी एकत्र बैठक लावली तर मी लॅपटॉप घेऊन येईन, वर उल्लेखलेला कच्चा भाग दाखवीन, त्याचे पैसे नकोत. दिवाळ्याच्या दोन-तीन डोलकरांनाही बोलवा. फक्त बैठक अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे पाण्याला ओढ कमी असते त्या दिवसांत ठेवा. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ असते, डोली लागलेल्या असतात, आणि ते येणार नाहीत.

कळावे,

आपली,
खारीगाव, कळवा येथील एक माहितीपट संकलक